छपाई बंद झालेला रोलप्लेइंग गेम पुन्हा टेबलावर आणायचा तर

१९७७ साली आलेल्या ‘ट्रॅव्हलर’ या अंतराळातल्या रोलप्लेइंग गेममध्ये तुमचं पात्र तयार होता होताच मरू शकतं. आपला माणूस अठरा वर्षांचा. त्याला नौदलात घालायचं आणि चार वर्षांच्या प्रत्येक खेपेला दोन फासे टाकायचे. आकडा कमी पडला तर तो माणूस संपला. कोरा कागद घ्या, पुन्हा सुरू करा. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ही सरळसरळ चूक वाटली. मी तो नियम काढून टाकला, चार भिडू जमवले आणि डाव मांडला. प्रत्येकाने जमतील तितक्या खेपा नोकरी केली, कारण थांबायला काही कारणच उरलं नव्हतं. टेबलाभोवती चाळिशी ओलांडलेली, सगळं काही येणारी चार माणसं बसली आणि कुणालाच कुणाची गरज पडेना. चौथ्या बैठकीनंतर डाव विझला.

वर्षभराने तोच नियम ठेवून खेळलो. ‘अजून एक खेप करू की इथेच थांबू?’ या एका प्रश्नावर अख्खी संध्याकाळ रंगली. एका मैत्रिणीची दोन पात्रं ओळीने मेली. तिसरं पात्र तिने एकाच खेपेनंतर, बाविसाव्या वर्षी नोकरीतून बाहेर काढलं. त्या सावधपणातूनच त्या पात्राचा सगळा स्वभाव ठरला.

जुना गेम हातात आला की आपण तो आजच्या सवयींनी वाचतो आणि खेळण्याआधीच दुरुस्त करायला बसतो. तसं करू नका. आधी तो जसा लिहिलाय तसा खेळा. पण ‘जसा लिहिलाय तसा’ खेळायलाही तयारी लागते. योग्य आवृत्ती शोधायची, ती सरळ मार्गाने मिळवायची आणि त्यातल्या गाळलेल्या जागा ओळखायच्या. त्या तयारीच्या पायऱ्या खाली दिल्या आहेत. रोलप्लेइंग गेम तुम्ही कधीच खेळला नसेल तर एवढं पुरे: एक जण गेम मास्टर होतो, तो जग आणि संकटं सांभाळतो, बाकीचे एकेक पात्र घेतात आणि ते काय करतंय ते बोलून सांगतात, जिथे निकाल अनिश्चित असेल तिथे फासे टाकतात.

१. जपायचंय, वाचायचंय की खेळायचंय?

हे आधी ठरवा, कारण तिन्हींचे रस्ते वेगळे आहेत. जपणाऱ्याला मूळ छपाई, खोक्याचे कोपरे, आतले मूळ फासे हे सगळं लागतं. वाचणाऱ्याला चांगली स्कॅन केलेली पीडीएफ पुरते. खेळणाऱ्याला मात्र टेबलावर पसरता येईल, ज्यावर पेन्सिलीने खूण करता येईल अशी प्रत हवी. खेळायला निघालेली कितीतरी माणसं संग्राहकांच्या बाजारात शिरतात, दुर्मीळ खोकं घेतात आणि मग ते खराब होईल या भीतीने कधी उघडतच नाहीत. पुढचं सगळं मी खेळणाऱ्यासाठी लिहितोय.

२. पहिला गेम निवडा

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ (थोडक्यात डीअँडडी) १९७४ मध्ये आला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा गेम टीएसआर कंपनीने तीन छोट्या पुस्तिकांच्या खोक्यात विकला. सुरुवात इथूनच करावी असं वाटणं साहजिक आहे, पण पहिला डाव या खोक्याने मांडू नका. लढाईसाठी त्या पुस्तिका ‘चेनमेल’ नावाचे १९७१ चे युद्धखेळाचे नियम तुमच्याकडे आहेत असं धरून चालतात, आणि रानावनातल्या प्रवासासाठी ‘आउटडोअर सर्व्हायव्हल’ या दुसऱ्याच एका बोर्ड गेमचा पट मागतात. ज्यांनी आधीच वर्षानुवर्षं लघुसैनिकांच्या लढाया खेळल्या होत्या त्यांच्यासाठी ते लिखाण होतं.

यानंतर नावांचा गोंधळ सुरू होतो. ‘बेसिक’ नावाचं खोकं तीनदा आलं, १९७७, १९८१ आणि १९८३ मध्ये, आणि तिन्हींची मांडणी वेगळी आहे. त्याच काळात ‘अॅडव्हान्स्ड’ नावाने दुसरी, जास्त गुंतागुंतीची मालिकाही चालू होती: राक्षसांचं पुस्तक १९७७ मध्ये, खेळाडूंचं १९७८ मध्ये, डंजन मास्टरचं (या गेममध्ये गेम मास्टरला हेच म्हणतात) १९७९ मध्ये. ‘बेसिक’ शिकून ‘अॅडव्हान्स्ड’मध्ये जायचं, इतकं सरळ हे नातं नाही. दोन्हींचे नियम कितीतरी ठिकाणी जुळत नाहीत. दुकानात किंवा संकेतस्थळावर नुसतं ‘जुनं डीअँडडी’ लिहिलेलं दिसलं तर आधी साल विचारा.

नवख्याने १९८१ चं बेसिक घ्यावं असं माझं मत आहे. टॉम मोल्डव्हे यांनी संपादित केलेली ती ६४ पानांची पुस्तिका आहे. भाषा स्वच्छ, क्रम नीट, आणि पहिल्या तीन लेव्हलचं (लेव्हल म्हणजे पात्राच्या प्रगतीची पायरी) सगळं तेवढ्यात बसवलेलं. तुमच्यापैकी कुणीच कधी असा गेम खेळला नसेल आणि शिकवायलाही कुणी नसेल, तर १९८३ चं लाल खोकं बघा. त्यात खेळाडूच्या पुस्तिकेत एकट्याने खेळायचं साहस, म्हणजे तयार कथानक, आहे. गोष्ट वाचता वाचता तुम्ही नियम शिकत जाता.

तलवारी आणि राक्षसांपलीकडेही बरंच आहे. ‘ट्रॅव्हलर’ला फक्त सहा बाजूंचे फासे लागतात आणि बहुतेक ठिकाणी दोन फाशांवर आठ किंवा जास्त पडले की काम झालं. ‘रूनक्वेस्ट’ १९७८ चा. त्यात लेव्हल नाहीत, जे कौशल्य वापरता तेच वाढतं, आणि घाव कुठल्या अवयवावर बसला हेही फासा सांगतो. भिडू मिळत नसतील तर ‘टनेल्स अँड ट्रोल्स’ शोधा. केन सेंट आंद्रे यांचा हा १९७५ चा गेम. १९७६ पासून त्याची एकट्याने खेळायची साहसं निघत गेली. सुपरहीरो हवे असतील तर टीएसआरचा १९८४ चा ‘मार्व्हल सुपर हीरोज’ आजही एका संध्याकाळी शिकता येतो: शतमान फासे (दहा बाजूंचे दोन, मिळून एक ते शंभर) आणि एक रंगीत तक्ता, एवढंच त्याचं यंत्र.

एकच घ्या. तीन गेम एकदम आणणाऱ्यांच्या घरी तिन्ही कपाटात राहतात.

३. तो गेम आज कोणत्या अवस्थेत आहे ते शोधा

‘आउट ऑफ प्रिंट’ हा शब्द फसवा आहे. त्याच्या पोटात निदान चार निरनिराळ्या अवस्था येतात.

पहिली: छपाई थांबली, पण मालक अधिकृत पीडीएफ विकतो. सोबत कधी मागणीनुसार छापून मिळणारी प्रतही असते. टीएसआरचा बराचसा जुना माल असा उपलब्ध आहे. ही कंपनी १९९७ मध्ये विझार्ड्स ऑफ द कोस्टने घेतली. शोधायला सुरुवात ‘ड्राइव्हथ्रूआरपीजी’ या विक्रीच्या संकेतस्थळावरून करा. एक काळजी घ्या: विकत घेतलेली फाइल लगेच उतरवून दोन ठिकाणी साठवा. २००९ मध्ये विझार्ड्सने आपल्या सगळ्या पीडीएफ विक्रीतून काढून घेतल्या आणि त्या परत यायला २०१३ उजाडलं. जे आज यादीत आहे ते उद्या असेलच असं धरू नका.

दुसरी: मालकाने किंवा मूळ लेखकाने गेम नव्याने छापलाय. ‘द फँटसी ट्रिप’ची गोष्ट मला फार आवडते. स्टीव्ह जॅक्सन यांनी १९७७ पासून तो मेटागेमिंग कंपनीसाठी रचला, कंपनी बंद पडली, गेम अडकून पडला. त्याचे हक्क जॅक्सन यांच्याकडे २०१७ मध्ये परत आले आणि गेम पुन्हा छापला गेला. वेस्ट एंड गेम्सचा १९८७ चा ‘स्टार वॉर्स’ तर तीसेक वर्षांनी, २०१८ मध्ये, दुसऱ्या प्रकाशकाने जुन्या रूपातच काढला. तेव्हा जुनी प्रत शोधत फिरण्याआधी नवी आलीय का ते बघा.

तिसरी: मूळ गेम नाही, पण त्याचं यंत्र नव्या शब्दांत लिहिलेलं आहे. यांना रेट्रोक्लोन म्हणतात. अमेरिकी कायद्यात खेळाच्या पद्धतीवर कॉपीराइट नसतो, ती ज्या शब्दांत मांडली त्या शब्दांवर असतो. त्यात २००० मध्ये विझार्ड्सने ओपन गेम लायसन्स, म्हणजे इतरांना नियम वापरू देणारा परवाना, आणलं आणि वाट रुंद झाली. ‘अॅडव्हान्स्ड’च्या पहिल्या आवृत्तीसाठी ‘ऑस्रिक’ २००६ मध्ये आला, १९७४ च्या नियमांसाठी ‘स्वोर्ड्स अँड विझर्ड्री’ २००८ मध्ये, आणि १९८१ च्या बेसिकसाठी ‘ओल्ड-स्कूल इसेन्शियल्स’ २०१९ मध्ये. टेबलावर पटकन नियम शोधायला हे मूळ पुस्तकांपेक्षा सोपे पडतात. पण फक्त क्लोन वाचू नका. मूळ पुस्तकात लेखक तुमच्याशी बोलतो, उदाहरणं देतो, खेळणाऱ्यांचे संवाद लिहून दाखवतो. क्लोनमध्ये नियम शिल्लक राहतात आणि ते बोलणं बहुतेक गळून जातं. मी मूळ प्रत वाचायला आणि क्लोन टेबलावर शोधायला, असं दोन्ही ठेवतो.

चौथी: गेम खरोखरच कुलूपबंद आहे. परवान्यावर निघालेले गेम बहुधा इथे सापडतात. आयर्न क्राउन एंटरप्रायझेसचा ‘मिडल-अर्थ रोल प्लेइंग’ १९८४ मध्ये आला, १९९९ मध्ये परवाना गेला आणि विषय संपला. अशा गेमसाठी जुनी छापील प्रत हाच सरळ मार्ग उरतो.

आणि एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. छपाई बंद झाली म्हणजे हक्क संपले असं नाही. कुठेतरी पडलेली फुकटची स्कॅन उचलणं सोपं असतं, पण कुणीतरी तो गेम अधिकृतपणे विकत असेल तर तो विकतच घ्या. जुन्या पुस्तकांच्या चांगल्या स्कॅन तयार करणं कष्टाचं काम आहे, आणि ती विकली गेली नाहीत तर पुढची पुस्तकं कुणी बाहेर काढणार नाही.

४. जुनी छापील प्रत घेताना

माझ्याकडे ‘पूर्ण, सगळं आत आहे’ म्हणून आलेल्या एका खोक्यात पुस्तिका दोन होत्या आणि दोन्ही वेगवेगळ्या आवृत्तीच्या. विकणाऱ्याने मुद्दाम केलं असेल असं नाही. चाळीस वर्षांत खोकी हातोहात फिरतात, घरातल्या दोन खोक्यांतलं सामान मिसळतं. पण आम्ही दोन बैठका एकमेकांशी न जुळणाऱ्या नियमांनी खेळलो आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही. तेव्हापासून पैसे देण्याआधी मी हे मागतो:

– प्रत्येक पुस्तिकेच्या मुखपृष्ठाचा आणि आतल्या छपाईच्या पानाचा फोटो. साल आणि कितवी छपाई ते तिथे असतं.
– पुस्तिकेच्या मधल्या पानांचा फोटो, टाचण्या दिसतील असा. गंज कागदात उतरला असेल तर मधलं पान सुटायला आलेलं असतं.
– जाड पुस्तक असेल तर कण्याचा फोटो. चिकटवलेल्या बांधणीचा गोंद वाळला की पुस्तक उघडताच पानं हातात येतात.
– नकाशे, गेम मास्टरने समोर उभा करायचा तक्त्यांचा पडदा, कापायच्या सोंगट्या यांची मोजदाद. सोंगट्या कुणीतरी आधीच कापलेल्या असणार, तेव्हा संख्या विचारा.
– दमट वास येतो का, हा थेट प्रश्न. बुरशी लागलेली प्रत शेजारच्या पुस्तकांनाही लागते.

खोक्यात मुळात काय काय होतं याची यादी आधी ‘आरपीजीगीक’सारख्या सूचीवरून लिहून घ्या, टीएसआरच्या मालासाठी ‘अॅकेयम’ हे संकेतस्थळ छपायांमधले बारीक फरकही सांगतं.

दुर्मीळ छपाईच्या मोहात पडू नका. ‘अॅडव्हान्स्ड’ मालिकेतल्या देवदेवतांच्या १९८० च्या पुस्तकाच्या सुरुवातीच्या छपायांमध्ये दोन जास्तीची प्रकरणं होती, नंतर ती काढली गेली. म्हणून त्या प्रती महाग मिळतात. खेळण्यासाठी त्या दोन प्रकरणांचा काही उपयोग नाही. उलट, पेन्सिलीने खुणा केलेली, कुणाचं तरी पात्र शेवटच्या पानावर लिहिलेली प्रत स्वस्त मिळाली तर आनंदाने घ्या. त्या खुणांमधून लोक हा गेम खरोखर कसे खेळायचे ते कळतं.

५. सामान

फासे: सहा बाजूंचे निदान चार, आणि डीअँडडी असेल तर चार, आठ, दहा, बारा आणि वीस बाजूंचे. जुन्या खोक्यातले मऊ प्लास्टिकचे फासे झिजून गोल झालेले असतात. ते जपून ठेवा, खेळायला नवे घ्या. कधी वीस बाजूंच्या जुन्या फाशावर शून्य ते नऊ हे आकडे दोनदा छापलेले दिसतील. तो फासा चुकीचा नाही, अर्ध्या आकड्यांना वेगळा रंग भरून तो वापरायचे. काही बेसिक खोक्यांत तर फासेच नव्हते. तुटवडा होता म्हणून आकडे छापलेले पुठ्ठ्याचे चौकोन दिले होते, ते पेल्यात घालून उचलायचे.

याशिवाय चौकटीचा कागद, पेन्सिली, खोडरबर, पात्रांच्या कोऱ्या पानांच्या भरपूर प्रती (माणशी तीन तरी, पात्रं मरतात), प्रत्येक राक्षसासाठी एक छोटं कार्ड, आणि एक जाड वही. वहीचं काम शेवटी येईल.

६. नियमपुस्तक तीनदा वाचा

पहिल्यांदा सलग वाचा, काही लिहू नका. जे कळणार नाही ते तसंच सोडून पुढे जा.

दुसऱ्यांदा फक्त एक प्रश्न घेऊन वाचा: हा गेम बक्षीस कशाला देतो? जुने लेखक ‘हा गेम अमुक गोष्टीबद्दल आहे’ असं क्वचितच लिहितात. ते उत्तर बक्षिसाच्या तक्त्यात असतं. १९८१ च्या बेसिकमध्ये योद्ध्याला दुसऱ्या लेव्हलवर जायला २००० अनुभव गुण लागतात. एक गॉब्लिन (छोटा राक्षस) मारला तर मिळतात ५. म्हणजे नुसत्या मारामारीने जायचं तर एकट्याने ४०० गॉब्लिन मारावे लागतील, आणि तोवर तो स्वतः कधीच संपलेला असेल. पण सुखरूप बाहेर आणलेल्या खजिन्यातल्या प्रत्येक सुवर्णनाण्याला एक गुण मिळतो. हे एकदा लक्षात आलं की सगळा गेम उलटा दिसायला लागतो. राक्षस हा अडथळा आहे, त्याला चुकवायचं, फसवायचं, लाच द्यायची. जीव वाचवून सोनं बाहेर काढायचं. ‘मार्व्हल सुपर हीरोज’मध्ये कर्म नावाचे गुण असतात. चांगलं वागलं की वाढतात, आणि नायकाने कुणाचा जीव घेतला की सगळेच्या सगळे जातात. त्या एका ओळीने सुपरहीरोच्या गोष्टीचा सगळा स्वभाव सांभाळलाय. तुमच्या गेममधली अशी ओळ शोधा आणि ती भिडूंना पहिल्या दिवशी सांगा. ती लपवून ठेवण्यात काही शहाणपण नाही.

तिसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन वाचा आणि एका पानाचा सारांश तयार करा. या वाचनात नेहमी अडखळायला होतं त्या जागा सांगतो.

चिलखताचा आकडा उलटा असतो. जुन्या डीअँडडीमध्ये आर्मर क्लास जितका कमी तितकं संरक्षण जास्त. १९८१ च्या बेसिकमध्ये नुसत्या कपड्यांतला माणूस ९, पूर्ण चिलखत आणि ढाल असलेला २. आजची सवय असलेला माणूस इथे हमखास चुकतो. सोपा उपाय: प्रत्येक पात्राच्या पानावर ‘कुठल्या आर्मर क्लासला किती पडायला हवेत’ याची छोटी पट्टी आखून ठेवा, मग बेरीज-वजाबाकी करावीच लागत नाही.

अंतरं इंचांत असतात. ‘अॅडव्हान्स्ड’मध्ये १ इंच म्हणजे आत १० फूट, उघड्यावर १० यार्ड. मंत्राचा पल्ला ‘६ इंच’ वाचून कुणी गोंधळू नये म्हणून सारांशात थेट फूट लिहा.

शब्द एक, अर्थ अनेक. ‘लेव्हल’ हा शब्द पात्रासाठी, मंत्रासाठी, राक्षसासाठी आणि भुयाराच्या मजल्यासाठीही वापरलेला आढळेल. तसंच ‘टर्न’ म्हणजे बेसिकमध्ये दहा मिनिटं, एका खेळाडूची पाळी नव्हे.

आणि रिकाम्या जागा. पात्र उडी मारू शकतं का, खोटं बोललं तर पकडलं जातं का, यावर पुस्तक गप्प असतं. ही गळती समजून लगेच नवा नियम लिहू नका. बहुतेक ठिकाणी अपेक्षा अशी होती की भिडू काय करतोय ते नीट सांगेल आणि गेम मास्टर विचार करून निकाल देईल. चर दहा फुटांचा आहे, अंगात चिलखत आहे, मागे धावायला जागा नाही. अशा वेळी ‘सहापैकी दोन शक्यता, टाक फासा’ एवढं म्हणणं पुरतं. दिलेला निकाल वहीत लिहा म्हणजे पुढच्या वेळी तोच लागू करता येईल.

७. भिडूंशी आधी बोला

तीन ते पाच जण पुरेत. त्यांना पुस्तक वाचायला लावू नका, तुमचा एक पानाचा सारांश द्या. आणि तीन गोष्टी तोंडाने सांगा: पात्रं मरतील आणि नवं पात्र दहा मिनिटांत तयार होतं, या गेममध्ये बक्षीस अमुक गोष्टीला आहे, आणि आपण सलग तीन बैठका नियम न बदलता खेळणार आहोत. ज्याला पात्राची दहा पानी पूर्वकथा लिहायची हौस आहे त्याला हे आधीच कळलं तर नंतर मन दुखावत नाही.

जुन्या पुस्तकांत त्या काळाचे पूर्वग्रह आहेत, हेही बोलून टाका. ‘अॅडव्हान्स्ड’च्या १९७८ च्या खेळाडू-पुस्तकात स्त्री पात्रांच्या ताकदीला पुरुषांपेक्षा खालची मर्यादा होती. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत ती काढून टाकली. नियम तीन बैठका तसेच ठेवायचे असं मी एवढं सांगतोय, पण इथे माझा अपवाद आहे: ज्या नियमाने समोर बसलेल्या माणसाचा अपमान होतो तो पहिल्या दिवसापासून वापरायचा नाही. कुणाला टेबलावर काय नको आहे, हेही आधी विचारून वहीत लिहा.

८. पहिली बैठक

स्वतः भुयार रचू नका. त्याच गेमसाठी त्याच काळात निघालेलं छापील साहस घ्या, कारण लेखकांना गेम कसा चालायला हवा होता ते तिथे दिसतं. बेसिकसाठी गायगॅक्स यांचं ‘कीप ऑन द बॉर्डरलँड्स’ हेच पुरेसं आहे. त्या काळच्या खोक्यांत ते सोबतच यायचं.

बैठक सुरू झाल्यावर गेम मास्टरने एकच गोष्ट सोडायची नाही, ती म्हणजे वेळेची नोंद. मी कागदावर चौकटी आखतो, एक चौकट म्हणजे एक टर्न, दहा मिनिटं. दर सहा चौकटींनी मशाल विझते. दर दोन चौकटींनी सहा बाजूंचा एक फासा टाकायचा, एक आला की भटके राक्षस येतात. हे कंटाळवाणं वाटून बहुतेक जण पहिल्याच तासात सोडून देतात, आणि मग ‘जुन्या गेममध्ये ताण कुठे आहे?’ असं विचारतात. ताण त्या चौकटींमध्येच असतो. भिडू जेव्हा ‘शेवटची मशाल उरलीय, परत फिरू या’ असं आपणहून म्हणतात तेव्हा गेम चालायला लागला असं समजा.

राक्षस समोर आले की लगेच लढाई सुरू करू नका. दोन फासे टाकून त्यांची प्रतिक्रिया बघा. २ आले तर ते थेट तुटून पडतात, १२ आले तर चक्क मैत्रीने वागतात, आणि ६ ते ८ मध्ये ते गोंधळलेले असतात, म्हणजे बोलायला जागा असते. लढाई झालीच तर मोरालचा, म्हणजे राक्षसांचा धीर टिकतो का याचा, फासाही विसरू नका. पहिला साथीदार पडला किंवा निम्मे गारद झाले की राक्षस पळून जाऊ शकतात. हे दोन फासे वगळले की बेसिक हा भयंकर क्रूर गेम होतो, आणि तशी त्याची ख्याती मुख्यतः हे वगळूनच झाली असावी असं मला वाटतं.

कुणाचं पात्र मेलं तर खेळ थांबवा, त्याला फासे द्या, पात्राच्या ताकद, बुद्धी वगैरे सहा गुणांचे आकडे क्रमाने टाकू द्या, आणि पुढच्याच खोलीत नव्या पात्राला आत आणा: कैदी म्हणून, वाट चुकलेला म्हणून, कसंही. त्या भिडूला तासभर बाजूला बसवू नका. मेलेल्या पात्राचं पान मात्र वहीत लावून ठेवा.

९. नियम कधी बदलायचे

प्रत्येक बैठकीनंतर वहीचं एक पान उघडा आणि खटकलेल्या गोष्टी लिहा. कुणाला खटकली त्याचं नावही लिहा. तीन बैठका झाल्या की ते पान सगळ्यांसमोर वाचा. काही ओळींवर कुणीच बोलणार नाही, त्या खोडा. काहींचं उत्तर पुस्तकातच सापडेल. उदाहरणार्थ ‘खंजीर आणि मोठी तलवार दोन्हींनी सारखीच इजा कशी?’ ही आमची तक्रार. १९८१ च्या बेसिकमध्ये शस्त्रागणिक वेगळ्या इजेचा पर्यायी नियम दिलेलाच आहे, मी तो दोनदा वाचूनही नजरेआड केला होता.

जे उरेल तेच बदला, आणि एका वेळी एकच. आमच्या पानावर अकरा तक्रारी होत्या, उरली एक: पहिल्या लेव्हलच्या चोराला (चोर हा पात्राचा एक प्रकार) सापळा सापडण्याची शक्यता फक्त १० टक्के. नवा तक्ता आखायचा विचार होता. मग आमच्यातल्या एकीने पुस्तक पुढे ओढून विचारलं, की बाकीचे काठीने जमीन ठोकत, पाणी ओतून फटी शोधत सापळे बघतातच, तर चोराने तसं केलेलं कुठे चालत नाही म्हटलंय? कुठेच म्हटलेलं नव्हतं. आता आमचा चोर आधी काय करतो ते सांगतो. सांगण्यातून सापळा सापडला तर सापडला, नाहीतर वर ते १० टक्के आहेतच. त्या ओळीवरही काट मारली, आणि पुढच्या शनिवारी चौथी बैठक आहे.